कर सोडा, बारा महिन्यांचा खर्च सांगा!

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय, "दादा, दुबईत टॅक्स शून्य आहे, तिकडेच कंपनी काढू का?"

कराचे दर पटकन सांगतो. शून्य आता राहिलं नाही. जून २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून तिथे ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कर आहे. सिंगापुरात १७. आपल्याकडे सवलती सोडणाऱ्या कंपनीला अधिभार, उपकर धरून २५.१७. झालं.

आता मुद्द्याचं. हा कर नफ्यावर आहे हो! नफाच झाला नाही, तर ९ काय आणि २५ काय? परवाना, भाडं, व्हिसा नफ्याची वाट बघत नाहीत. माझ्या मावसभावाने शारजात मसाल्यांचा व्यापार मांडला. एजंटाने पहिल्या वर्षाचं पॅकेज दाखवलं, दुसऱ्या वर्षी परवाना नवा करायचा आकडा कागदावर नव्हताच. त्याची वही मी पाहिलीय. डाव्या पानावर लायसन्स, गाळा, दोन व्हिसा, विमा. उजवीकडे विक्रीच्या चार ओळी. कराचा रकाना कोरा.

पगाराचंही तेच. सिंगापुरात चाळिशीतला स्थानिक माणूस महिन्याला ४,००० सिंगापूर डॉलरवर ठेवलात, तर सीपीएफचे, म्हणजे तिथल्या पीएफचे, १७ टक्के, म्हणजे ६८० डॉलर, मालकाने वर भरायचे. दुबईत आपल्या माणसांची ग्रॅच्युइटी असते. वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार. ती दर महिन्याला बाजूला काढा, नाहीतर माणूस सोडून जाताना एकदम अंगावर येते. तोटा असला तरी हे द्यावंच लागतं!

एकांनी लिहिलंय, "जागतिक बँकेच्या यादीत भारत ६३वा." अहो, कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं हे सांगणारी ती यादी आकड्यांतल्या गडबडीमुळे २०२१ मध्ये बंद झाली. भारतासाठी तिच्यात मोजायचे फक्त मुंबई आणि दिल्ली. इचलकरंजीच्या मागवाल्याला त्यातून काय कळणार? मला राग येतो, कारण अशा एका आकड्यावर लोक घर गहाण टाकतात.

म्हणून तिसऱ्यांदा सांगतो, कराचा रकाना हाताने झाका. बारा महिने एक रुपयाही विक्री नाही असं धरा आणि भारतात आणि जिथे जायचंय त्या देशात खिशातून किती जाईल ते शेजारी-शेजारी लिहा.

इचलकरंजीच्या ज्या दादांनी टॉवेलच्या निर्यातीचं विचारलंय, त्यांनी गाळ्याचं भाडं आणि माणसं किती ते कळवा. पुढच्या व्हिडिओत तुमचाच हिशोब फळ्यावर मांडतो.