कुलूप लागलेलं घर आणि ऐरणीतली तलवार

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘आख्यायिका आणि कुमारांची कादंबरी’ असा छापलाय. मागच्या वेळी एका गावात ‘कुंभारांची कादंबरी’ छापलं होतं आणि पहिल्या रांगेत दोन माणसं खरोखरच मडक्यांबद्दल ऐकायला आली होती. शेवटपर्यंत बसली बिचारी. (हशा)

आर्थर राजा आणि दगडातली तलवार ठाऊक नाही असं इथे कोणी नसावं. पुस्तक नसेल, पण सिनेमा कुठेतरी पाहिलेला असतो. तरी एक दुरुस्ती करतो. टॉमस मॅलरीने पंधराव्या शतकात कैदेत बसून ही सगळी कथा लिहून काढली आणि 1485 मध्ये कॅक्स्टनने ती छापली. त्यात दगडावर पोलादाची ऐरण आहे आणि तलवार त्या ऐरणीत रुतलेली आहे; जो ती उपटेल तो इंग्लंडचा राजा. आपल्याकडे ऐरणीवर फक्त प्रश्न येतात. ते कोणी उपटत नाही.

पण माझा जीव तलवारीत नाही, तिच्या आधीच्या दहा मिनिटांत आहे. नववर्षाच्या दिवशी लंडनला सामने आहेत. आर्थर ज्या घरी वाढला तिथला थोरला मुलगा के नुकताच सरदार झालाय. ऐटीत घोड्यावर निघतो आणि तलवार विसरतो, ती बिऱ्हाडीच राहते. धाकट्या आर्थरला म्हणतो, जा रे, घेऊन ये पटकन. धाकटा माघारी जातो तर घरात कोणी नाही. घरची मंडळी सगळी सामने बघायला गेलेली! पोरगं वैतागतं आणि मनाशी म्हणतं, त्या चर्चच्या आवारात एक तलवार आहे, तीच नेतो, दादाला आज रिकाम्या हाताने राहू द्यायचं नाही. इंग्लंडला राजा मिळाला तो असा. किल्ली शेजारी देऊन जायची आपली पद्धत तिकडे असती, तर हे व्याख्यान झालं नसतं.

आता हे मला इतकं का भिडतं? त्याला कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. मी सातवीत होतो. आमच्या गावच्या वाचनालयात, गावाचं नाव नको, एक काचेचं कपाट होतं. आत खालच्या फळीवर एक पुस्तक आडवं पडलेलं. मुखपृष्ठ फाटून लेखकाचं नाव गेलेलं, उरलेल्या अर्ध्यावर एक मुलगा आणि तलवारीची मूठ. शेजारी झुरळाच्या गोळ्या. मी रोज शाळेतून येताना काचेला नाक लावायचो, त्या जागी काचेवर माझ्या नाकाचा गोल डाग पडला होता. एक दिवस धीर करून मागायला गेलो तर टेबलामागे कोणी नाही. शिपाई म्हणाला, किल्ली भाऊंकडे, आणि भाऊ गेलेत जत्रेतल्या कुस्त्या बघायला. तुम्हाला वाटेल हा माणूस जुळवून सांगतोय. नाही हो, फड खरोखर त्याच दिवशी होता. मी धावत गेलो. भाऊ गर्दीत पुढेच, तोंडात पान. मला बघून नुसतं बोट वर केलं. म्हणजे थांब. मी चार कुस्त्या थांबलो. मग म्हणाले, सोमवारी ये.

सोमवारी गेलो तर म्हणाले, हे मोठ्यांचं कपाट आहे, वडिलांची चिठ्ठी आण. वडिलांची चिठ्ठी मिळवायची म्हणजे आधी गणिताची चाचणी. तोवर मे महिना, मग वाचनालयाची शिरगणती, म्हणजे पुस्तकांची मोजदाद. जूनमध्ये चिठ्ठी घेऊन गेलो तर ते पुस्तक बालविभागात हलवलेलं. मी आनंदाने तिकडे वळलो, तर भाऊ म्हणाले, यत्ता कुठली? म्हटलं, आठवी. बालविभाग सातवीपर्यंत! (हशा) हसा तुम्ही. मी त्या दिवशी पायरीवर बसून रडलो होतो. कुमार वाङ्मय म्हणजे काय, अशी व्याख्या मला लोक विचारतात. दोन कपाटांच्या मधली ती फरशी, जिथे मी उभा होतो, ती व्याख्या.

कार्यवाहांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं. मग मुद्दा.

मॅलरीकडे बाळ आर्थर जरीच्या कापडात गुंडाळून मर्लिन जादूगाराच्या हवाली होतो आणि पुढे दिसतो तो थेट तलवार आणायला निघालेला. मधलं बालपण कोरं. टी. एच. व्हाइट यांनी 1938 मध्ये ‘द सोर्ड इन द स्टोन’ ही कादंबरी नेमकी त्या कोऱ्या जागेत लिहिली. हा गृहस्थ जन्मला आपल्या मुंबईत, 1906 साली, वडील पोलीस खात्यात. पुढे इंग्लंडमध्ये शाळामास्तर, आणि मग नोकरी सोडून रानातल्या झोपडीत. त्यांच्या आर्थरचं घरातलं नाव वॉर्ट, म्हणजे चामखीळ. मर्लिन त्याला मासा करून खंदकात सोडतो, तिथे एक थोराड मासा ‘बळी तो कान पिळी’ हे राज्यशास्त्र त्याला शिकवतो आणि गिळायलाही बघतो. आणि कुलूप? ते व्हाइट यांनी सोडलं नाही. घराऐवजी खाणावळीला लावलं, एवढंच. मॅलरीचा आर्थर तलवार एका झटक्यात काढतो. व्हाइटचा पोरगा दोनदा ओढतो, हलत नाही. मग ज्यांच्यात तो राहून आला ते प्राणी भोवती जमतात, जो तो आपापलं शिकवलेलं आठवून देतो, आणि तिसऱ्यांदा ती अलगद येते. नवी गोष्ट सांगितली ती एवढ्यात.

‘मूळ कथेची मोडतोड’ म्हणणाऱ्यांना घाईत दोन वाक्यं. जेफ्री ऑफ मॉनमथने 1136 च्या सुमारास आर्थर लिहिला, त्यात ही उपटायची तलवारच नाही. ती 1200 च्या आसपास रोबेर द बोरोन या फ्रेंच कवीकडून आली. आणि आपल्याकडे तरी काय? महाभारतात कृष्ण येतो तो मोठाच होऊन. त्याचं लोणी, गायी सगळं हरिवंशात, म्हणजे परिशिष्टात. आणि आपल्या गवळणीतला पेंद्या भागवतात शोधून दाखवा.

माझ्याकडे तरुण मुलं हस्तलिखितं पाठवतात. धनुष्यं लखलखतात, आभाळ फाटतं, पण नायकाला घरातून एकदाही कोणी दळण आणायला पाठवलेलं नसतं. अरे, आधी त्याला गिरणीवर पाठवा, गिरणी बंद असू दे... हो, हो, उठतो. कार्यवाह, चहाला येतो, पण येताना तुमच्या त्या कोपऱ्यातल्या कपाटाला कुलूप पाहिलं. किल्ली कोणाकडे असते?