जास्वंदीतली तिघं

हे पानांच्या मधे तपकिरी काहीतरी अडकलंय ना, तो कचरा नाहीये हां, घरटं आहे. शिपाई बुलबुलाचं. रत्नागिरीजवळ आमचं घर, मागल्या दारी विहीर, तिच्या कडेला जास्वंद आणि जेमतेम छातीएवढ्या उंचीवर ही वाटी. मोबाईल स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला रबरबँडने बांधलाय, म्हणून शॉट तिरका येतोय, सांभाळून घ्या.

अंडी 3, फिक्कट गुलाबी, वर तांबूस ठिपके. साधारण 12 दिवसांनी पिल्लं बाहेर आली. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, आणि फांदी जरा हलली की तिन्ही चोची आऽऽ करून वर, मी झाडाला पाणी घालायला गेलो तरी मलाच आई समजतात! भरवायला आई-बाप दोघंही, आधी अळ्या, मऊ किडे, मग हळूहळू फळं. आता हे नीट बघा, घास गिळला की पिल्लू पाठ फिरवतं, पांढरी गोळी टाकतं आणि आई ती चोचीत धरून लांब नेऊन टाकते. डायपरच की.

हा आरडाओरडा ऐकलात? गडग्यावर भारद्वाज आलाय. तो दिसला की आज्जी हात जोडते, शुभ असतो म्हणे, पण बुलबुलांना विचारा की, अंडी-पिल्लं खातो तो. दोघं अंगावर धावून गेली तेव्हा कुठे हलला.

आणि मग एका सकाळी घरटं रिकामं. मला वाटलं मांजरानेच नेली, तर एक विहिरीच्या कठड्यावर, एक तुळशीपाशी जमिनीवर, शेपटीच्या जागी नुसतं थोटुक, गालावरचा लाल ठिपकाही अजून आलेला नाही. हे पडलेलं नाहीये. नीट उडता यायच्या आधीच ही बाहेर पडतात, आई-बाप पुढेही काही दिवस भरवत राहतात. शेजारचे काका खोका घेऊन हजर, त्यात ठेवू, दूध पाजू म्हणाले, अहो काका, पक्ष्यांना दूध पचत नाही! त्यांना चहा दिला, आमच्या मनीला खोलीत कोंडलं आणि जमिनीवरचं पिल्लू उचलून जास्वंदीवर ठेवलं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते म्हणतात ना, ते काही खरं नाही, 10 मिनिटांत आई किडा घेऊन आली.

तिसरं दोन दिवस नुसतं ऐकू येत होतं, दिसलंच नाही. हे बघा, आंब्यावर, पानाआड, तोंड उघडून बसलंय.

काकांच्या खोक्यात सध्या कैऱ्या आहेत.