प्रतिवादी : ५० एकर जमीन

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८४ मध्ये एक निकाल लागला. खटल्याचं नाव होतं, 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध ५० एकर जमीन'. चक्क जमीनच प्रतिवादी! झालं असं, की टेक्सासमधल्या डंकनव्हिल या शहराची कचरा टाकायची जागा केंद्र सरकारने १९७८ मध्ये पूरनियंत्रणाच्या कामासाठी घेतली. शहराने बदल्यात दुसरी, मोठी नि चांगली जागा विकत घेऊन तयार केली आणि तो सगळा खर्च मागितला. आकडा होता पावणेतेरा लाख डॉलरच्या आसपास. ज्यूरीने जुन्या जागेचा बाजारभाव धरला सव्वादोन लाख. सर्वोच्च न्यायालयाने तोच कायम केला.

आज मला बोलायचंय ते मात्र रकमेबद्दल नाही. कोर्टाची पायरी आधी कोण चढतो, याबद्दल आहे.

तिकडे केंद्र सरकारला तुमची जमीन हवी असेल आणि सौदा जमला नाही, तर सरकारलाच कोर्टात दावा लावावा लागतो. सरकार वादी. कोणत्या कायद्याने घेतोय, कशासाठी घेतोय, जमिनीचं वर्णन काय, त्यात कुणाकुणाचा हक्क आहे, हे सगळं दाव्यात लिहायचं. मालक सापडत नसतील तर 'अज्ञात मालक' असं लिहून पेपरात नोटीस द्यायची. नोटीस बजावल्यापासून २१ दिवसांत मालकाने आपली कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची. ती दिली नाही, तर जमीन घेण्याविरुद्धची हरकत गेली. पण किमतीचं काय? समजा मालक गप्प बसला, वकील दिला नाही, एकाही तारखेला गेला नाही. तरी भरपाई ठरवायच्या सुनावणीला तो उभा राहून पुरावा देऊ शकतो. केंद्राच्या दिवाणी नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

म्हणून तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. १९३१ च्या एका कायद्याने सरकारला सोय करून दिली आहे : दाव्यात ताब्याचं घोषणापत्र दाखल करायचं, अंदाजे किंमत कोर्टात भरायची, की मालकी त्याच क्षणी सरकारकडे. पुढची लढाई फक्त पैशाची. वर दिलासा रक्कम, म्हणजे सक्तीने जमीन घेतली म्हणून मोबदल्यावर मिळणारी जादा रक्कम, वगैरे काही नाही, आणि वकिलाचा खर्च सहसा मालकाच्याच माथी.

आपल्याकडे २०१३ चा भूसंपादन कायदा या बाबतीत उदार आहे. ठरलेल्या मोबदल्यावर तेवढीच, म्हणजे शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. जुन्या १८९४ च्या कायद्यात ती शेवटी शेवटी ३० टक्के होती. बाजारभावासाठी आसपासच्या तीन वर्षांतली खरेदीखतं बघतात आणि त्यातल्या चढ्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी काढतात. आता मुद्रांक शुल्क वाचवायला खतात भाव कमी लिहायची गावोगावची हौस तुम्हाला ठाऊकच आहे. भूसंपादनाच्या वेळी तेच खत आपल्याविरुद्ध साक्ष देतं!

पण कोर्टात जायचं ते शेतकऱ्याने. निवाडा, म्हणजे मोबदल्याचा निर्णय, सरकारी अधिकारी करणार. तो मान्य नसेल तर कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून प्रकरण प्राधिकरणाकडे, म्हणजे या कायद्याखालच्या मोबदल्याच्या न्यायाधिकरणाकडे, पाठवायला सांगायचं. निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर असेल, तर मुदत सहा आठवडे. हजर नसाल, तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. सबळ कारण दाखवलं तर आणखी वर्षभरापर्यंत अर्ज घेता येतो, पण त्या भरवशावर राहू नये. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेली असेल तर रस्ता वेगळा : तिथे महामार्ग कायद्यानुसार लवादाकडे जावं लागतं.

खरी गफलत होते ती पैसे घेताना. टेबलावर कागद येतो, मागे रांग असते, घरात लग्न ठरलेलं असतं. माणूस सही करून मोकळा होतो. त्या सहीशेजारी 'हरकत राखून रक्कम स्वीकारली', वकिलांच्या भाषेत 'अंडर प्रोटेस्ट', हे लिहिलेलं नसेल, तर कलम ६४ चा अर्ज करायचा हक्कच जातो. कायद्यात तसं सरळ म्हटलंय. तिकडे दाव्याला उत्तर न देणाऱ्यालाही किमतीवर बोलता येतं. इकडे चार शब्द राहिले की तोंड बंद. एवढी जोखीम शेतकऱ्याच्या पेनावर टाकणं मला पटत नाही. ही ओळ छापील पावतीतच का असू नये?

ज्यांनी अर्जच केला नाही त्यांना एक वाट उरते. त्याच अधिसूचनेत जमीन गेलेल्या दुसऱ्या कुणाला प्राधिकरणाने वाढीव मोबदला दिला, तर त्या निकालापासून तीन महिन्यांत कलम ७३ खाली तुम्हीही तेवढा दर मागू शकता. तेव्हा बांधाला बांध असलेल्या भावकीशी बोलणं तुटलं असलं, तरी त्यांच्या केसची तारीख विचारत राहा. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्या तीन महिन्यांत धरत नाहीत; नकलेसाठी अर्ज केल्याची पावती फाइलला लावून ठेवा.

नमस्कार.