मैत्रिणीला आधी कळते
(मुंबईतील माध्यमिक शाळांच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सहावी ते नववीच्या मुलांच्या आत्महत्या रोखण्यासाठी शाळा काय करते, असे विचारले की बहुतेक ठिकाणी समुपदेशक नेमल्याचे सांगितले जाते. समुपदेशक हवाच, सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ मधील मार्गदर्शक सूचनांनी शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांवर तसे बंधनच घातले आहे. पण मूल त्याच्या खोलीपर्यंत पोहोचते कसे, हा प्रश्न नेमणुकीने सुटत नाही. तेरा वर्षांची मुलगी मनातली ही गोष्ट आईला सांगण्याचा संभव कमी, आणि बाईंना सांगण्याचा त्याहून कमी. ती सांगते बेंचवर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला, तेही ‘आईशप्पथ, कुणाला सांगायचं नाही’ असे वदवून घेऊन. म्हणजे शाळेत जिला सर्वांत आधी कळते, तिचेच तोंड शपथेने बांधलेले असते. माझ्या मते शाळेचे खरे काम इथून सुरू होते.

याला आधार आहे. युरोपातील दहा देशांतल्या १६८ शाळांमधील अकरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही शाळांत शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवले गेले, काहींत मुलांची तपासणी करून जोखमीतली मुले शोधली गेली, तर काहींत थेट मुलांबरोबर काम झाले : चार आठवड्यांत पाच तास, आणि त्यातले तीन तास प्रसंग उभे करून, भूमिका बदलून बोलण्याचे. वर्षभरानंतर, ज्यांना या उपक्रमांपैकी काही मिळाले नव्हते त्या तुलनेच्या शाळांत नव्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलांचे प्रमाण १.५१ टक्के होते. मुलांबरोबर काम झालेल्या शाळांत ते ०.७० टक्के होते. उरलेल्या दोन पद्धतींनी लक्षणीय फरक पडल्याचे आढळले नाही. ती मुले चौदा-पंधरा वर्षांची, म्हणजे आपल्या नववीतली होती, त्यामुळे सहावीच्या वर्गात हाच कार्यक्रम जसाच्या तसा नेता येणार नाही, हे मान्य. शिक्षकांचे प्रशिक्षण वाया जाते, असाही अर्थ मी काढत नाही. साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासात, कोणाचा चेहरा उतरला आहे हे टिपण्याची जबाबदारी एकट्या वर्गशिक्षकावर टाकून आपण मोकळे होऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

मुलांना शिकवायचे ते हे, की जिवाशी गाठ असेल तेव्हा शपथ मोडायचीच. हे फळ्यावर लिहून भागत नाही. ‘ती माझ्याशी बोलणं सोडेल’ ही भीती मुलांनी वर्गात बोलून आणि करून पाहावी लागते.

आणि मग ती मैत्रीण खरोखरच येते, बहुधा नको त्या वेळी. मधली सुट्टी संपल्याची घंटा होत असते, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा असतो आणि ती दाराशी पायाने पाय खाजवत उभी असते. ‘नंतर ये’ एवढे दोन शब्द तिला परत पाठवायला पुरतात. गठ्ठा खाली ठेवावा, आणि जिच्याविषयी ती सांगते तिला त्याच दिवशी, शाळा सुटण्यापूर्वी, एकांतात सरळ विचारावे : ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो हा समज संशोधनात टिकलेला नाही. उत्तर ‘हो’ आले तर तिला एकटे सोडू नये, गुप्ततेचे वचन देऊ नये, आणि पालक किंवा समुपदेशक येईपर्यंत सोबत राहावे. ‘मार्कांसाठी कुणी असं करतं का’ हे वाक्य तर कृपा करून गिळावे. पालकांना सांगताना घरातली औषधे कुलपात ठेवायलाही सांगावे. मात्र त्रास घरातूनच होत असल्याचे मुलीने सांगितले असेल, तर आधी समुपदेशक आणि १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी.

पोलिसांच्या धास्तीने काही शाळा गप्प राहतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरते. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतले जुने कलम ३०९ नव्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलेही नाही.

‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तिथे मराठीतूनही बोलता येते. शाळा तो भिंतीवर लावतात आणि विसरतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहत असतील, तर मुलाने तो फोन कुठून करायचा? शाळेतच दार लावता येईल अशी एक जागा आणि एक फोन असावा. मुंबईत तरी भित्तिपत्रकापेक्षा याची गरज मोठी आहे.

सांगणाऱ्या मुलीला पुढचे काही आठवडे विसरू नये, कारण ‘तूच फोडलंस’ हे तिला ऐकावे लागते. आणि प्रयत्नानंतर मूल शाळेत परतते तेव्हा वर्गाला काय सांगायचे हे मुलाशी आणि घरच्यांशी आधी ठरवावे, बुडलेल्या घटक चाचण्यांची तारीख त्याला विचारून द्यावी, आणि तास चालू असतानाही उठून ज्यांच्याकडे जाता येईल अशा एका शिक्षकांचे नाव त्याला पहिल्याच सकाळी सांगून ठेवावे.