नाव तीनदा पुकारलं

श्रोतेहो, नमस्कार. मदतकार्यात भेदभाव होऊ नये म्हणजे नेमकं काय, यावर आज बोलू. रेडक्रॉस चळवळीनं १९६५ साली व्हिएन्नात सात मूलतत्त्वं स्वीकारली. त्यांतलं एक निःपक्षपातीपणाचं: धर्म, वंश, वर्ग, राजकीय मत बघायचं नाही, गरज बघायची. ज्याची निकड मोठी, त्याला आधी. सगळ्यांना सारखं नव्हे बरं का. निकड मोठी, त्याला आधी.

हे मला तोंडपाठ होतं, तरी चुकलोच.

छावणीत ब्लँकेटवाटप होतं. माझ्या हातात यादी नि कर्णा. नाव पुकारायचं, सही किंवा अंगठा घ्यायचा, ब्लँकेट द्यायचं. तीनदा पुकारून कुणी आलं नाही, तर नावावर काट. नियम सगळ्यांना एकच, म्हणून मी अगदी निर्धास्त. अगदी पुढेच एक आजोबा बसले होते. सकाळी नऊला बसलेले, दुपारी तीनलाही तिथेच. माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. मला वाटलं, सावलीला टेकले असतील. आवराआवर सुरू झाली तसे ते उठले आणि भिजून वाळलेलं, कडक झालेलं ओळखपत्र माझ्यापुढे धरलं. यादी उघडली. नावावर काट, माझ्याच पेनाची. चार हातांवरून तीनदा पुकारलं होतं मी. त्यांना ऐकू येत नव्हतं. ब्लँकेटं संपली होती.

आता हे बोलतोय तेही रेडिओवर, म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीच.

जाता जाता सांगतो, वस्तू देताना दोघांनी ती धरून फोटो काढायचा प्रकार मला मुळीच सहन होत नाही. फोटो नको असेल त्यानं काय रिकाम्या हातानं जायचं?

असो. यादी कुटुंबप्रमुखाच्या नावानं केली की दिराच्या आसऱ्याला राहणारी विधवा गळते. मदतकार्यासाठी जगभर वापरतात त्या स्फिअर मानकांत एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं आणि घरापासून पाणी ५०० मीटरच्या आत, असा हिशेब आहे. पण कुबडी घेऊन चालणाऱ्यानं भरलेली बादली कुठल्या हातात धरायची? म्हणून परत सांगतो: सारखं नव्हे, निकडीप्रमाणे.

आजोबांचं ब्लँकेट दुसऱ्या दिवशी त्यांच्या तंबूत नेऊन दिलं. नावांचा फळाही लावला. तो मी माझ्या उंचीला लावला होता. चाकांच्या खुर्चीतल्या एका बाईंनी सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी खाली घेतला.