मुलाची फाइल कोण वाचतं?

पत्रिकेवर आजचा विषय ‘परदेशातून दत्तक आलेल्या मुलाचं घरातलं पहिलं वर्ष’ असा छापला आहे. तिथे आपण पोचणार आहोतच. पण आधी दहा मिनिटं माझ्या एका जुन्या दुखण्यासाठी मागून घेतो. दुखण्याचं नाव फाइल. आत्ता ज्यांनी सुस्कारा सोडला ते प्रक्रियेत अडकलेले आहेत, आणि जे हसले त्यांची होम स्टडी, म्हणजे दत्तक घेणाऱ्या कुटुंबाची पाहणी, अजून सुरू व्हायची आहे.

देशादेशांतल्या दत्तकाचे नियम घालून देणारा १९९३ चा हेग दत्तक करार इथे सगळ्यांना ठाऊक आहे असं धरून चालतो. त्यात पंधरावं आणि सोळावं अशी दोन कलमं शेजारी शेजारी आहेत. पंधराव्यात दत्तक घेऊ पाहणाऱ्यांचा अहवाल, सोळाव्यात मुलाचा. करारात दोन्ही तोलामोलाचे. प्रत्यक्षात आपली फाइल फुगत फुगत जाडजूड होते आणि मुलाची येते ती पुष्कळदा दोन पानी: एक फोटो, एक वजन, ‘प्रकृती सामान्य’ असा शेरा. ती बारीक असते याबद्दल माझं फारसं म्हणणं नाही. संस्थेत मुलं सांभाळणाऱ्या एकेका बाईच्या अंगावर पंधरा-वीस मुलं असतील तर नोंदी कोण ठेवणार? माझी तक्रार कुटुंबांबद्दल आहे. पहिली फाइल जमवताना ती इतकी दमतात की दुसरी वाचतच नाहीत. फोटो बघतात, डोळे भरून येतात, होकार जातो.

दमणूक कशी होते तेही बघा. विवाहाचा दाखला, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, उत्पन्नाचा पुरावा, नोकरीचं पत्र. प्रत्येक कागद आधी नोटरीकडे, मग अपॉस्टिलसाठी (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), मग भाषांतराला. मुलाचा देश १९६१ च्या अपॉस्टिल करारात नसेल तर परराष्ट्र खातं आणि वकिलात अशा आणखी दोन पायऱ्या. तेवढ्यात पहिल्या कागदाची मुदत संपते! म्हणून क्रम महत्त्वाचा. ज्यांना मुदतच नसते ते जन्माचे आणि विवाहाचे दाखले आधी काढून ठेवा. पोलिसांचा दाखला नंतर. वैद्यकीय तपासणी सगळ्यात शेवटी, कारण ती लवकर शिळी होते. मध्येच घर बदललं, नोकरी बदलली, दिवस राहिले, तर होम स्टडीला पुरवणी जोडावी लागते. हे लपवलं तर मंजुरीच धोक्यात येते. पासपोर्टवर एक नाव, विवाहाच्या दाखल्यावर दुसरं स्पेलिंग, हे तर नेहमीचंच. ते पहिल्याच आठवड्यात तपासा, भाषांतर झाल्यावर नव्हे. आणि एक हात जोडून विनंती. अपॉस्टिल झालेल्या कागदाची पिन झेरॉक्ससाठी कधीही उपसू नका. जोडणी सुटलेली दिसली की समोरचा अधिकारी कागद परत करतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

आता मुलाची फाइल. आली की त्याच रात्री होकार देऊ नका. उत्तराला मुदत असते, ती वापरा. दत्तक मुलांच्या तब्येतीचा अनुभव असलेल्या बालरोगतज्ज्ञाकडे ती न्या आणि चार गोष्टी मागवा. जन्मवजन आणि किती आठवड्यांचं बाळ जन्मलं ते. उंची, वजन आणि डोक्याचा घेर, तेही प्रत्येक मोजणीच्या तारखेसकट. एकट्या आकड्यातून काहीच कळत नाही. तीन-चार आकडे वाढीच्या आलेखावर मांडले की कळतं. वजन मागे पडलंय पण डोकं आपल्या रेषेवर वाढतंय, तर बऱ्याचदा कारण आहाराचं असतं. डोक्याचा घेरच रेषा सोडून खाली घसरतोय, तर प्रश्न गंभीर. तिसरं, ताजा व्हिडिओ: मूल नजर देतं का, दोन्ही हात सारखे वापरतं का, सांभाळणाऱ्या बाईकडे वळून बघतं का. चौथं, मूल संस्थेत कधी आलं, कुणी आणलं, कशामुळे.

हे चौथं लोक संकोचाने विचारत नाहीत. विचारा. हेग कराराचं चौथं कलम म्हणतं की आईची संमती बाळ जन्मल्यानंतरचीच हवी, आणि ती पैसे देऊन मिळवलेली नको. तिसावं कलम मुलाच्या मूळ माहितीचं जतन करायला सांगतं. ही नुसती शोभेची वाक्यं नाहीत. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं की परदेशी पाठवलेल्या मुलांच्या नोंदींत फेरफार झाले होते. आईवडील हयात असलेली मुलंही अनाथ म्हणून नोंदली गेली. ती माणसं आज मोठी झाली आहेत आणि आपलीच फाइल उघडून बसली आहेत. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तकाचं दार बंद केलं, चीनने २०२४ मध्ये. दार बंद झाल्यावर माहिती मागायला जाणार कुठे? म्हणून मुलाला आणायला जाल तेव्हा संस्थेतली नोंदवही बघू द्या म्हणा, परवानगी असेल तर फोटो घ्या, सांभाळणाऱ्या बाईंचं नाव लिहून घ्या. ते दोन पानी कागद उद्या मुलाच्या हाती जाणार आहेत. आपली जाडजूड फाइल कुणी मागणार नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत म्हणे. म्हणजे पहिलं वर्ष सात मिनिटांत! बरं, भराभर घेतो.

घरी आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पूर्ण तपासणी. तिकडे रक्त तपासलं होतं यावर विसंबू नका. हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, क्षयाची चाचणी, आणि जंतांसाठी वेगवेगळ्या दिवशी घेतलेले शौचाचे तीन नमुने. यातल्या काही चाचण्या सहा महिन्यांनी पुन्हा, कारण नुकताच झालेला संसर्ग पहिल्यांदा निसटतो. लसींच्या नोंदीबद्दल शंका असेल तर प्रतिपिंडं तपासा, नाहीतर लस पुन्हा द्या.

पहिले काही आठवडे भरवणं, अंघोळ, झोपवणं फक्त आईबापांनी. आजीआजोबा रुसतील, त्यांना कपड्यांच्या घड्या करायला द्या. अनोळखी कुणाच्याही मांडीवर जाऊन बसणारं मूल ‘किती माणसाळू’ म्हणून कौतुकाचं ठरतं. खरं तर आपलं कोण हे त्याला अजून कळलेलं नसतं. उशीखाली पोळीचे तुकडे सापडले तर ओरडू नका. त्याच्या हाताला येईल असा खाऊचा डबा ठेवा आणि तो रिकामा पडू देऊ नका. ज्या कपड्यांत मूल आलं ते लगेच धुऊ नका, तो वास त्याच्या ओळखीचा आहे.

जुनी भाषा काही महिन्यांतच विरते. बोलण्याबद्दल शंका असेल तर त्याच्या मूळ भाषेतली तपासणी आधीच करून घ्या; नंतर ती करायला भाषाच उरत नाही.

शेवटचं, नागरिकत्व. दत्तकाचा निकाल मूळ देशातच लागला, का तिथे फक्त ताबा मिळाला आणि निकाल इकडे घ्यायचा आहे, हे व्हिसावरून पक्कं करा. हेग कराराच्या तेविसाव्या कलमाचं प्रमाणपत्र असेल तर दत्तकाला इतर करारदेशांत मान्यता मिळते, पण म्हणून नागरिकत्व आपोआप मिळालंच असं नाही. परदेशातून दत्तक आलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा अमेरिकेतला २००० चा कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला, आणि त्या दिवशी ज्यांना अठरा पूर्ण झाली होती ते त्यातून सुटले. लहानपणी आलेली माणसं नागरिकच नाहीत असं निघालं, काहींना परत धाडण्यातही आलं. तेव्हा नागरिकत्वाचा दाखला मूल शाळेत जायच्या आधी हातात घ्या. सभागृह रिकामं करायचंय, प्रश्न बाहेर व्हरांड्यात घेऊ.