नवा ॲम्प घ्यायच्या आधी मल्टिमीटर काढा

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आलाय: "दादा, सात-आठ हजारांचा क्लास-डी ॲम्प आहे, पन्नास हजारांचा घेतला तर फरक कळेल का?" आज त्यावरच बोलू. (ॲम्प म्हणजे स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर, आणि क्लास-डी ही त्याची कमी तापणारी, स्विचिंगवर चालणारी जात.)

प्राथमिक गोष्टी पटकन उरकतो. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ८६ ऐवजी ८९ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त जोरात वाजणारा) स्पीकर लावलात तरी तेवढाच वाढतो. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराची फुगवलेली ताकद) छापलं असेल तर तो आकडा सोडून द्या, आरएमएस वॅट (सतत मिळणारी ताकद) किती आणि स्पीकरच्या किती ओहम रोधावर ते बघा. झालं.

आता खरा मुद्दा. दोन ॲम्पची तुलना करायची तर आधी दोघांच्या आवाजाची पातळी जुळवा. कानाने नाही, व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरने.

एक ॲम्प अर्धा डेसिबल जोरात वाजत असेल तर "हा मोठा वाजतोय" असं कुणी म्हणत नाही. तानपुऱ्याची जवारी जास्त खुलली, डग्ग्याला घुमारा आला, गायिका पुढे येऊन बसली, असं वाटतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणजे पातळी चढली की बास आपोआप भरदार वाटणारच. त्याचं श्रेय ॲम्पला कशाला?

यावर हमखास येणारी कमेंट: "मी दोन्हींचे नॉब बारावर ठेवले होते, म्हणजे लेव्हल सारखीच." नाही हो! नॉबवरून आउटपुट कळत नाही. एका ॲम्पचा गेन (तो सिग्नल किती वाढवतो ते) २६ डेसिबल आणि दुसऱ्याचा ३२ असेल, तर नॉब तिथेच असूनही दुसऱ्याच्या स्पीकर जोडायच्या टर्मिनलवर दुप्पट व्होल्टेज येतं. हे मी दर व्हिडिओत सांगतो, पुढेही सांगत राहीन, कारण लोकांचे कष्टाचे पैसे इथेच वाया जातात.

मित्राबरोबर एका शोरूममध्ये गेलो होतो. महागडा ॲम्प लावला की आवाज किंचित चढायचा आणि मित्र मान डोलवायचा. मी परवानगी घेऊन स्पीकरच्या टर्मिनलला मीटर लावला. एकाच टोनवर स्वस्त ॲम्पचे १.८२ व्होल्ट, महागड्याचे १.९६. जवळजवळ ०.६४ डेसिबलचा फरक! पातळी जुळवली, मित्राला पाठमोरं बसवलं, आणि कुठला ॲम्प चालू आहे हे त्याला सांगता येईना. ते पैसे त्याने स्पीकरमध्ये घातले, आणि तो फरक घरात सगळ्यांना ऐकू येतो.

करायचं कसं ते बघा. फोनवरून २०० हर्ट्झचा टोन हळू लावा, स्पीकर जोडलेलाच असू दे, मीटर एसी व्होल्टवर ठेवा. हा बघा, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा पिवळा मीटर. याची एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्ट, म्हणजे हा ०.१ व्होल्टपेक्षा बारीक फरक दाखवत नाही. २ ऐवजी २.१ व्होल्ट म्हणजे ०.४ डेसिबल, तेवढ्यात सगळी परीक्षा फसली. २.००० असं दाखवणारा मीटर घ्या. दोन्ही ॲम्प १ टक्क्यात आणा, म्हणजे एकाचे २.०० असतील तर दुसऱ्याचे २.०२ च्या वर नकोत. मग नॉबला हात लावायचा नाही.

आणि एक सक्त सूचना. एका स्पीकरला दोन ॲम्प एकाच वेळी जोडू नका. बऱ्याच क्लास-डी ॲम्पमध्ये काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, तिथेही सिग्नल असतो. दोन्ही तारा तोडणारा स्विचच वापरा, नाहीतर ॲम्प जळू शकतो.

अमेरिकेतल्या 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने जानेवारी १९८७ मध्ये साध्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या ॲम्पपर्यंत अशीच अंध चाचणी छापली होती. ऐकणाऱ्यांना ते खात्रीने ओळखता आले नाहीत.

"कपॅसिटर बदलला आणि आवाज मोकळा झाला" म्हणणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. जुन्या ॲम्पमधला फुगलेला कपॅसिटर जरूर बदला, तिथे सुधारणा खरी असते. पण चांगल्या चालत्या सर्किटला तासभर सोल्डरिंग करून मग आधीचा आवाज आठवायचा, तर कानाची आठवण तेवढी टिकत नाही.

मग फरक कधीच नसतो का? असतो की! ताकद कमी पडून ॲम्प क्लिप होतो, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात, तेव्हा तारसप्तकात आवाज चिरकतो. स्पीकर ४ ओहमच्या खाली जात असेल तर स्वस्त ॲम्प धापा टाकतो. सेन्सिटिव्ह स्पीकरवर रात्रीच्या शांततेत हिस् ऐकू येते. व्हॉल्व्ह ॲम्पचा (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पचा) आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे आतला रोध, २ ओहम असेल आणि स्पीकर ४ ते २० ओहममध्ये हलत असेल, तर सुरांच्या तोलात जवळजवळ पावणेतीन डेसिबलचा चढउतार होतो. तो गोडवा कुणाला आवडत असेल तर खुशाल घ्या, फक्त तो कुठून आला ते माहीत असू द्या.

यापुढे "कोणता ॲम्प घेऊ" विचारताना तीन गोष्टी लिहा: स्पीकरचं मॉडेल, खोलीची लांबी-रुंदी, आणि नेहमीच्या आवाजात टर्मिनलवर किती व्होल्ट मिळतात. त्या कमेंटना मी आधी उत्तर देईन.